अर्जाची पोच



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ भरते. त्यांना आदरांजली वाहायची तर काहीतरी शिकवूनच वाहिली पाहिजे, म्हणून आज मी वर्गात बोलतो तसंच बोलणार आहे. फळ्याची गरज नाही. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि तुमच्यापैकी प्रत्येकानं त्यावर कधी ना कधी एखादा फॉर्म भरलेला आहे. तेवढं पुरे.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. गेल्या जूनमध्ये मी नेरुळ स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. पुढे एक बाई होत्या, सोबत त्यांची मुलगी. प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. दुकानातला मुलगा भराभर टाइप करत होता. गुणपत्रिका, फोटो, सही, सगळं चढवून झालं. त्यानं ‘सबमिट’ दाबलं आणि पडद्यावर ती चकती फिरू लागली. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. बाईंनी विचारलं, “दादा, गेला का फॉर्म?” तो म्हणाला, “गेला असेल ताई. परत दाबून बघू?” परत दाबलं. बाईंच्या फोनवर पैसे कापल्याचे दोन मेसेज आले. फॉर्म पोचल्याचा मात्र एकही आला नाही. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती, आई पडद्याकडे, आणि पडदा कुणालाच काही सांगत नव्हता.

गेला का फॉर्म? मित्रहो, माझ्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. ‘वेब फॉर्मची माहिती सर्व्हरवरच्या स्क्रिप्टपर्यंत कशी पोचते’ हे त्याचं तांत्रिक नाव. पण मी ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभा आहे, तो त्या बाईंचा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न नवी मुंबईत विचारायला हवा, कारण आपलं शहर अर्जांवर उभं राहिलेलं शहर आहे. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला, आणि तो हक्क पदरात पाडून घ्यायला आगरी-कोळी घरांतल्या माणसांनी किती अर्ज केले असतील, किती खिडक्यांसमोर उभे राहिले असतील! त्या पिढीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यायची, तिच्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

आता खिडकी गेली, तिच्या जागी पडदा आला. २०१८ मध्ये सिडकोनं १४,८३८ घरांची सोडत काढली. तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली, द्रोणागिरी इथली ती घरं. त्यांचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. अकरावीचा प्रवेश मुंबई महानगर प्रदेशात २००९ पासून ऑनलाइन आहे. मालमत्ता कर, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, सगळं तिथेच. अर्ज बदलला, खिडकी बदलली. पोच घेण्याची ती जुनी जाण आपण सोबत आणली का?

याचं उत्तर शोधायला मी तीन प्रश्न घेतो. फॉर्ममधून जातं काय? जातं कसं? आणि पोचल्यावर त्याचं होतं काय?

पहिला प्रश्न. जातं काय?

आपल्याला वाटतं, आपण भरलेला फॉर्म जातो. तसं नाही. फॉर्म जात नाही. वरचा बोधचिन्हाचा छाप, सूचना, लाल फुलीची ‘आवश्यक’ अशी खूण, आपण केलेली खाडाखोड, यातलं काहीही जात नाही. जातात फक्त जोड्या. रकान्याचं नाव आणि त्यात भरलेला मजकूर. नाव बरोबर मजकूर, नाव बरोबर मजकूर, अशा जोड्या एकामागोमाग लावून ब्राउझर त्यांची माळ करतो आणि पाठवून देतो. पलीकडे सर्व्हरवर बसलेली स्क्रिप्ट, म्हणजे ही माळ घेऊन काम करणारा छोटा प्रोग्राम, फक्त एवढंच बघते. तिला आपला चेहरा दिसत नाही, आपली घाई दिसत नाही, आपला फॉर्मसुद्धा दिसत नाही. तिला दिसतात जोड्या.

यातून एक मोठी गोष्ट निघते. रकान्यांची नावं कोण ठरवतो? फॉर्म बनवणारा. म्हणजे सरकारला किंवा कंपनीला आपल्याबद्दल काय कळणार आणि काय कधीच कळणार नाही, हे एका प्रोग्रॅमरनं एका दुपारी टाइप केलेल्या यादीवर ठरतं. ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट त्या व्यवस्थेपुरती जगात नाही.

एक उदाहरण जवळून बघू. फॉर्मवर चौकोन असतो: ‘अर्जदार दिव्यांग आहे’. आपण त्यावर टिचकी मारली तर ती जोडी जाते. आणि नाही मारली तर? तुम्ही म्हणाल, ‘नाही’ असं उत्तर जातं. नाही! काहीच जात नाही. रिकाम्या चौकोनाची जोडीच तयार होत नाही. स्क्रिप्टला ना ‘हो’ मिळतं, ना ‘नाही’. मिळतं फक्त मौन. मग त्या मौनाचा अर्थ काय लावायचा? माणूस दिव्यांग नाही? की त्याला तो चौकोन दिसलाच नाही? की दुकानातल्या मुलानं विचारलंच नाही? स्क्रिप्ट लिहिणारा बहुतेक वेळा एका ओळीत निकाल लावतो: मौन म्हणजे नाही. आणि कुणाचा तरी हक्क त्या ओळीत हरवतो. इलाज अगदी सोपा आहे. चौकोन देऊ नका. ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन पर्याय द्या, एक निवडल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. मग मौनाला जागाच उरत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही मराठी माणसाची नावाची रीत. फॉर्मवर तीन रकाने, तिन्ही आवश्यक. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमानं सरकारी कागदांवर लागतील. फार मोठा निर्णय. इतकी वर्षं आई होती, पण नावाच्या त्या ओळीत तिला जागा नव्हती. पण लक्षात घ्या, हा निर्णय कागदावर उमटून भागत नाही. तो खरा व्हायचा तर जन्मनोंदणीपासून शाळाप्रवेशापर्यंत प्रत्येक फॉर्ममध्ये एक रकाना वाढला पाहिजे, प्रत्येक स्क्रिप्टनं ती नवी जोडी वाचली पाहिजे, प्रत्येक तक्त्यात ती ठेवायला जागा झाली पाहिजे. तीनपैकी एक ठिकाण जरी राहिलं, तर आईचं नाव टाइप होईल, पाठवलं जाईल आणि पलीकडे गुपचूप गळून पडेल. कसलीही चूक दाखवली जाणार नाही. म्हणून मी म्हणतो, फॉर्मचा रकाना ही किरकोळ गोष्ट नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय माणसापर्यंत पोचतो तो त्या रकान्यातून.

दुसरा प्रश्न. जातं कसं?

पाठवायच्या दोन रीती आहेत. एकीचं नाव ‘गेट’, दुसरीचं ‘पोस्ट’. गेटमध्ये सगळ्या जोड्या पत्त्याला जोडून जातात. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत प्रश्नचिन्हानंतर जी लांबलचक शेपटी दिसते ना, त्या याच जोड्या. हे पोस्टकार्ड. मजकूर पत्त्याच्या शेजारी उघडा. पोस्टमध्ये जोड्या पत्त्यापासून वेगळ्या, आतल्या भागात जातात. हे पाकीट.

पोस्टकार्ड वाईट का? मुळीच नाही. वाशी ते पनवेल गाड्यांची वेळ शोधायची असेल तर पोस्टकार्डच बरं. तो पत्ता जपून ठेवता येतो, मित्राला पाठवता येतो, दहा वेळा उघडला तरी कुणाचं नुकसान नाही. नियम साधा आहे. विचारायचं असेल तर गेट, काही द्यायचं किंवा बदलायचं असेल तर पोस्ट. पण आधार क्रमांक किंवा जन्मतारीख पोस्टकार्डावर पाठवली तर? ती दुकानातल्या संगणकाच्या इतिहासात राहते, सर्व्हरच्या नोंदवहीत राहते. आपण दुकानातून घरी जातो. आपली माहिती तिथेच राहते.

इथे एक गैरसमज दूर करतो. पाकीट म्हणजे मोहोर नव्हे. पोस्टनं पाठवलेला मजकूर पत्त्यात दिसत नाही, पण वाटेत कुणी पाकीट उघडलं तर वाचता येतो. मोहोर वेगळी असते. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’च्या पुढे ‘एस’ असतो, ती मोहोर. ती असेल तर वाटेतल्या कुणालाही आतलं वाचता येत नाही. पाकीट हवं आणि मोहोरही हवी.

आता या पाकिटात आपली मराठी कशी प्रवास करते, ते दाखवतो. कोपरखैरण्याच्या कुणी रहिवाशानं पत्त्यात ‘कोपरखैरणे’ असं लिहिलं. मोजा अक्षरं. को, प, र, खै, र, णे. सहा. पण संगणक अक्षरं अशी मोजत नाही. त्याच्या लेखी काना-मात्रा वेगळ्या. क आणि त्याचा ओकार वेगळा, ख आणि त्याचा ऐकार वेगळा, ण आणि मात्रा वेगळी. झाली नऊ चिन्हं. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटची जागा घेतं. नऊ त्रिक सत्तावीस. आणि फॉर्मच्या माळेत जाताना प्रत्येक बाइटचं सोंग बदलतं: एक टक्क्याची खूण आणि तिच्यापुढे दोन अंक-अक्षरं. एकटा ‘क’ जातो तो ‘टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ पाच’ असा. म्हणजे सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी. डोळ्यांना सहा अक्षरं, आणि तारेवरून धावतात एक्क्याऐंशी!

हे आकडे मी गंमत म्हणून सांगत नाही. समजा, स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून त्या रकान्याला वीस बाइटची जागा दिली. इंग्रजीत वीस अक्षरं आरामात बसतात. मराठीचं काय होईल? सहा चिन्हं बसतील, अठरा बाइट. ‘कोपरखै’ एवढं उरेल, आणि पुढच्या ‘र’चे तीनपैकी दोनच बाइट आत जातील. तो अर्धवट ‘र’ पडद्यावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह होऊन बसेल. तुम्ही अशी प्रश्नचिन्हं दाखल्यांवर, पावत्यांवर पाहिली असतील. चूक मराठीची नसते. मोजणाऱ्यानं मराठीचं माप घेतलेलं नसतं.

पूर्वी तर अवस्था याहून कठीण होती. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट आपण वापरायचो. पडद्यावर मराठी दिसायची, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं, मराठीचा पोशाख घातलेली. फॉन्ट नसलेल्या ठिकाणी पोचली की पोशाख उतरायचा आणि अगम्य मजकूर उरायचा. आजही जुन्या फाइलमधला मजकूर उचलून फॉर्ममध्ये चिकटवला की हेच होतं. म्हणून जुने अर्ज, ठराव, याद्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात. ती आपली सामाजिक कागदपत्रं आहेत.

फोटो आणि गुणपत्रिका जातात त्यासाठी आणखी एक प्रकारचं पाकीट आहे. त्यात कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात एक वस्तू, आणि दोन कप्प्यांमध्ये ओळखीची एक खूण. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याचा नियम लिहिला गेला. त्याच महिन्यात वेब पानांच्या भाषेची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि फॉर्म तिचा अधिकृत भाग झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुलं केलं. म्हणजे फॉर्मला नियम मिळाले आणि आपल्या घरात इंटरनेट आलं, ते एकाच वर्षी. आपण या गोष्टीत उशिरा आलेलो नाही. सुरुवातीपासून सोबत आहोत.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. पोचल्यावर होतं काय?

१९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या महासंगणन केंद्रात एक व्यवस्था तयार झाली. तिचं नाव कॉमन गेटवे इंटरफेस. तोवर सर्व्हर म्हणजे ग्रंथपाल. मागितलेलं पुस्तक काढून द्यायचा. या व्यवस्थेनं त्याला कारकून केलं. अर्ज आला की सर्व्हर एक प्रोग्राम उठवतो, जोड्या त्याच्या हाती देतो, आणि तो प्रोग्राम जे उत्तर लिहील ते परत पाठवतो. पुढे जून १९९५ मध्ये रॅसमस लर्डॉर्फ या तरुणानं, आधी स्वतःच्या बायोडेटाचं पान किती जण बघतात हे मोजण्यासाठी केलेली काही साधनं जगाला मोफत दिली. तीच पुढे पीएचपी झाली. आपल्याकडच्या कितीतरी शाळांची, बँकांची, संस्थांची संकेतस्थळं त्या साधनांच्या वंशातली आहेत.

आणि हे कारकून बसतात कुठे? ठाणे-बेलापूर रस्त्यानं जा. ऐरोली, रबाळे, महापे. जिथे एकेकाळी रसायनांचे कारखाने धूर सोडत होते, तिथे आता खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती आहेत, डेटा सेंटर. बेलापूरला भारतीय स्टेट बँकेचं माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे. देशभरात दाबलेल्या ‘सबमिट’पैकी कितीतरी आपल्या शेजारी येऊन पोचतात. म्हणून या विषयाची जबाबदारी आपल्यावर जरा जास्त आहे.

या कारकुनाचे तीन स्वभाव ओळखून घ्या.

पहिला, त्याला स्मरण नसतं. प्रत्येक निरोपानंतर तो तुम्हाला विसरतो. तुम्ही पहिल्या पानावर नाव दिलं आणि दुसऱ्या पानावर पत्ता, तर तो विचारेल, तुम्ही कोण? १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी यावर उपाय काढला, कुकी. कारकून पहिल्या भेटीत एक बिल्ला देतो. ब्राउझर दर वेळी तो दाखवतो. पण बिल्ल्याची मुदत असते. कागदपत्रं शोधता शोधता अर्धा तास गेला की ‘सेशन संपलं’ असा निरोप येतो आणि भरलेलं सगळं जातं. सांगा, ज्या बाई एका हातानं घर आणि एका हातानं फॉर्म सांभाळतात, त्यांच्यासाठी ही मुदत कुणी ठरवली? अर्धवट अर्ज जपून ठेवणं अवघड नाही. फक्त तसं ठरवावं लागतं.

दुसरा स्वभाव, तो भोळा असतो. शहाणपण त्याला आपण द्यावं लागतं. पडद्यावर ‘दहा अंकी मोबाइल क्रमांक लिहा’ अशी तपासणी असते. ती सोय आहे, पहारा नव्हे. ती तपासणी आपल्या ब्राउझरमध्ये चालते, आणि ब्राउझर आपल्या हातात असतो. हवं तर कुणीही फॉर्म बाजूला ठेवून थेट जोड्यांची माळ पाठवू शकतो. फॉर्मच्या आत लपवलेला रकाना, समजा शुल्काचा आकडा, बदलून पाठवू शकतो. म्हणून दारात तपासलं असलं तरी आत पुन्हा तपासायलाच हवं.

याहून मोठा धोका सांगतो. कल्पना करा, तलाठी कार्यालयात कुणी अर्जातल्या नावाच्या जागी लिहिलं, ‘वरील सर्व नोंदी रद्द करून माझ्या नावे कराव्यात’. आणि कारकुनानं ते नाव म्हणून न वाचता हुकूम म्हणून अंमलात आणलं! भोळ्या स्क्रिप्टच्या बाबतीत नेमकं हेच होतं. रकान्यातला मजकूर माहितीसाठ्याला दिलेल्या आज्ञेत मिसळतो आणि स्वतःच आज्ञा होतो. १९९८ पासून हे जाहीरपणे माहीत आहे, उपायही माहीत आहे. आज्ञा आधी पक्की करायची, तिच्यात रिकामी जागा ठेवायची, आणि आलेला मजकूर त्या जागेत केवळ मजकूर म्हणून ठेवायचा. मग त्यात काहीही लिहिलेलं असो, तो हुकूम होत नाही.

पण काही जण हा उपाय न करता सोपी पळवाट काढतात. ‘धोकादायक’ चिन्हंच नाकारतात. आणि त्यात कोण अडकतं? वसई-उत्तनचे आपले मराठी ख्रिस्ती बांधव. डिसोझा, डिमेलो ही आडनावं इंग्रजीत ‘डी’नंतर वर एक स्वल्पविराम देऊन लिहितात. फॉर्म म्हणतो, नाव चुकीचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आडनाव चुकीचं? नाव कधी चुकीचं नसतं. त्या नावाला सांभाळता न येणारी स्क्रिप्ट चुकीची असते.

तिसरा स्वभाव, त्याला दोन हाका आणि दोन माणसं यांतला फरक आपोआप कळत नाही. इथे आपण पुन्हा नेरुळच्या त्या दुकानात येतो. ‘सबमिट’ दोनदा दाबलं तर दोन अर्ज. बाईंचे पैसे दोनदा का गेले? पहिली माळ पोचली होती. स्क्रिप्टनं काम सुरू केलं होतं. फक्त उत्तर परत यायला उशीर झाला. दुसऱ्या दाबण्यानं तशीच दुसरी माळ गेली, आणि स्क्रिप्टनं ती नवा अर्ज समजून घेतली.

हे टाळता आलं असतं का? नक्की आलं असतं. फॉर्म उघडतानाच त्यात एक नंबर घालायचा, त्या एका अर्जापुरता. तोच नंबर पुन्हा आला तर स्क्रिप्टनं म्हणायचं, ‘ताई, तुमचा अर्ज आलाय, हा घ्या त्याचा क्रमांक.’ नवा अर्ज नाही, नवे पैसे नाहीत. आणि काम झालं की ब्राउझरला वेगळ्या पानावर, पावतीच्या पानावर न्यायचं, म्हणजे पान ताजं केलं तरी माळ पुन्हा जात नाही. दोन्ही युक्त्या जुन्या आहेत, कुठलाही विद्यार्थी शिकू शकेल अशा आहेत. आणि नसल्या तर एका घराचे पैसे अडकतात, एका मुलीची रात्र झोपेविना जाते.

मित्रहो, आता थोडक्यात सगळं एकत्र बांधतो. जातं काय? जोड्या, म्हणून रकाने विचार करून ठेवा. जातं कसं? पाकिटातून, म्हणून मोहोर लावा आणि मराठीचं माप घ्या. पोचल्यावर काय? विसराळू, भोळ्या आणि दोन हाकांना दोन माणसं समजणाऱ्या कारकुनाच्या हाती. म्हणून त्याला स्मरण, सावधपणा आणि समज द्या.

आणि या सगळ्याच्या शेवटी एक गोष्ट हवीच. पोच.

ही मागणी मी मनानं करत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. सेवेसाठी अर्ज केला की अर्जदाराला पोच मिळाली पाहिजे, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक. तिच्यावर अर्ज कधी व कुठे मिळाला, अर्जाचा स्वतंत्र क्रमांक कोणता आणि सेवा किती मुदतीत मिळणार हे असलं पाहिजे, असं तो कायदा सांगतो. आपल्या आज्यानं खिडकीवर मागून घेतलेला तो शिक्का आता कायद्यात लिहिलेला आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदाही झाला. माहिती मागताना कशासाठी मागता ते सांगा, हे त्याचं मूळ सूत्र. म्हणजे प्रत्येक रकान्याला एका प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे: तू इथे का आहेस?

मराठीत ‘पोच’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे. समोरच्याची, प्रसंगाची जाण. ज्याला जाण असते त्याला आपण ‘पोच असलेला माणूस’ म्हणतो. मला वाटतं, भाषेनं हे दोन अर्थ एका शब्दात ठेवले त्यात शहाणपण आहे. ज्याला जाण आहे तोच पोच देतो. चकती फिरवत ठेवणं म्हणजे समोरच्या माणसाला तिष्ठत ठेवणं. ‘तुमचा अर्ज मिळाला, क्रमांक अमुक’ हे एक वाक्य म्हणजे त्या माणसाला सांगणं की आम्ही तुम्हाला पाहिलं, ऐकलं.

या सभागृहात महाप्याच्या, ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणारी तरुण मंडळी दिसताहेत. तुमच्यापैकी कुणी उद्या सकाळी एखादा फॉर्म लिहायला बसेल. त्याला माझी विनंती: ‘सबमिट’चं बटण करायच्या आधी पावतीचं पान करा. आणि बाकीच्या सगळ्यांना विनंती: अर्ज क्रमांक पडद्यावर दिसल्याशिवाय बटण पुन्हा दाबू नका, आणि दिसला की वहीत लिहून ठेवा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.